अकरा वेळा ‘पुन्हा’

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

हंगाम सुरू! माळावरचं गवत कापून झालं. जगननं विंच चालू केली, तिसऱ्या झटक्याला, दोन शिव्यांनंतर. ट्रकचं जुनं इंजिन ते, त्याला शिव्यांचीच भाषा कळते. हे इंजिन तार गुंडाळतं, तारेला अडकवलेलं ग्लायडर पतंगासारखं वर जातं, अन् हजार फुटांवर तार सुटली की पुढचं सगळं वारा अन् उडवणाऱ्याचा हात. एक विंच, एक दोन सीटचं ग्लायडर, एक पत्र्याची शेड, चालक जगन अन् शिकवणारा मी. एवढाच आमचा क्लब.

गेल्या वर्षी तिघं जण सोलो झाले, म्हणजे एकटे उडाले. तिघांतलं आज कुणी आलं नाही. शेडच्या पत्र्यावर एकवीस नावं आहेत. आमची रीतच आहे — पहिल्यांदा एकटा उडून उतरला की डोक्यावर बादलीभर पाणी, नारळ, अन् पत्र्यावर रंगानं नाव. जगन आज ब्रश धुता धुता म्हणाला, “सर, आपण गेलेल्यांचीच नावं लिहून राहिलो.” मेल्याला बोलायला काय जातं! पण झोंबलं.

वरून पत्र आलंय. मार्चअखेर पाच जण तरी नियमित येत नसतील तर ग्लायडर दुसऱ्या केंद्राला द्यायचं. आज मोजले. बरोबर पाच.


१९ ऑक्टोबर, रविवार

पाचातले चौघे अगदी नवखे. पाचवी दिपा.

सेनगाव रोडच्या तांड्यावरची. हिंगोलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेला हंगामभर जीपच्या टपाला लोंबकळायचं बाकी ठेवून आली, पण एक रविवार चुकवला नाही. हात कसला आहे पोरीचा! मी मागं बसतो अन् नुसता बसतो. हवाई दलात एकवीस वर्षं मशिनं हाताळली, मग हा शिकवायचा परवाना काढला, पण असा हात दोनदाच पाहिला.

बाकीची पोरं दहाव्या लाँचलाच सुरू करतात, “सर, सोलो कधी?” हिनं अजून एकदाही विचारलं नाही.


५ नोव्हेंबर, बुधवार

बायकोला, जनकाला, तिच्या बहिणीकडं जायचं होतं, म्हणून जवळा बाजारला गेलो. तिथं कापसाच्या गाड्यांपाशी रत्नपाल भेटला. पत्र्यावरचं नववं नाव! आता शाळेवर मास्तर आहे. पोट सुटलंय.

मी सरळच विचारलं, “काहून येत नाहीस रे?” वाटलं, लग्न, नोकरी, वेळ न्हाई — असं काहीतरी सांगेल. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “राग नका धरू सर. सोलोच्या आधी तुमी मागं बसून सतरा सूचना देत होते. एकटा उडालो त्या दिवशी तुमी मला मिठी मारली. अन् पुढल्या रविवारी मी रांगेत शेवटी. दिवसभर दुसऱ्याचं ग्लायडर ढकलायचं, दिवस बुडायला आला का चार मिनिटांची एक फेरी. उतरल्यावर कशी झाली हे बी कुनी विचारलं न्हाई. तुमी नव्या पोरांत होते. मला वाटलं, माझं काम संपलं इथलं.”

मी म्हणालो, तसं नव्हतं. पण तसंच होतं! मला नवी पोरं आवडतात. ज्याला येत नाही त्याला आणायचं, हा माझा नाद. एकदा आलं की माझी नजर पुढच्यावर. एकवीस पोरं मी वर सोडली अन् वरच सोडून दिली.

परतीच्या एसटीत जनका म्हणाली, “तोंड का पाडलं?”


९ नोव्हेंबर, रविवार

काल एकवीस पोस्टकार्डं टाकली. “या. आता पुढचं शिकू. अर्धा तास वर टिकायचं, मग एक तास, मग सेनगावपर्यंत जाऊन परत.” हे आधी सुचू नये! सोलो म्हणजे दहावी पास झाल्यासारखं धरून चाललो होतो, पुढं कॉलेजच ठेवलं नाही.


१६ नोव्हेंबर, रविवार

आज लिहायला लाज वाटून राहिली, म्हणूनच लिहितो.

सोलोच्या आधी एक शेवटची परीक्षा असते. वर चढता चढता मधेच मी न सांगता तार सोडून देतो, जशी काही तुटली. पोरगं घाबरून नाक वरच ठेवतं की लगेच खाली घेतं, ते बघायचं. दिपाला तीनशे फुटांवर सोडलं. तिनं श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. नाक खाली, वेग आला, समोर सरळ उतरली, जगनच्या विंचपासून पन्नास पावलांवर. मीही असं उतरलो नसतो.

त्याच मिनिटाला मी खाली उतरायला पाहिजे होतं, मागचे पट्टे बांधून म्हणायला पाहिजे होतं, जा, एकटी जा.

पण डोक्यात आकडा आला. पाच. ही उडाली की बादली, नारळ, नाव, अन् पुढच्या रविवारी गायब. मग चार. मग ग्लायडरही नाही.

लॉगबुकात शेऱ्याच्या जागी लिहिलं — ‘पुन्हा’.

ती वाचून माझ्याकडं बघायला लागली. मला काहीतरी बोलणं भाग होतं. हसत हसत म्हणालो, “एकटी उडालीस की हा माळ बंद तुझा, ठाऊक आहे मला! म्हणून सोडतच नाही तुला.” ती हसली नाही आधी. मग एकदम खुलली, “नका सोडू सर!” म्हणाली, अन् नव्या पोरांना पंख धरायला शिकवायला पळाली.

कसली भाबडी पोर! अन् मी कसला मास्तर!


२३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा ‘पुन्हा’. हात अडखळला नाही, हेच वाईट.


३० नोव्हेंबर, रविवार

रत्नपाल आला! पोट घेऊन आला. सोबत बसून दोन फेऱ्या केल्या, सगळं आठवतंय त्याला. घारी कुठं घिरट्या घालून राहिल्या ते बघ, तिथं गरम हवा चढते, तिथं घुस, असं सांगून एकटा सोडला. अकरा मिनिटं टिकला. उतरल्यावर मी धावत गेलो अन् विचारलं, “कशी झाली?” तो हसायलाच लागला. मग दोघंही हसलो.

दिपा : दोन फेऱ्या. दोन्ही सुरेख. शेरा तोच. रत्नपाल टिकेल का ठाऊक नाही, त्याला आकड्यात धरलं नाही.


२१ डिसेंबर, रविवार

रत्नपाल आज दिपाच्या मागं बसून एक फेरी मारून आला. उतरला तो सरळ माझ्याकडं. “सर, हिला काहून सोडून न्हाई राहिले?”

“आडव्या वाऱ्यात कच्ची आहे.”

“आज आडवाच वारा होता.”

मी नव्या पोरावर उगाच खेकसलो, पट्टा ढिला का म्हणून. पट्टा ढिला नव्हता.


४ जानेवारी २००४, रविवार

नव्यांपैकी एकानं दिपाला विचारलं, “ताई, तुमचं एवढं चांगलं असून सोलो न्हाई?” मी विंचकडं बघत असल्याचं सोंग केलं. ती म्हणाली, “सरांना कळतं कधी ते. सर सांगतील तवा.”

एवढा विश्वास. तिनं भांडावं, रडावं, आठ दिवस रुसून येऊ नये, असं कायकाय वाटून गेलं. ती मात्र माझ्यासाठी तांड्यावरून डब्यात बाजरीची भाकर अन् ठेचा घेऊन आली होती. आई धुरपताबाईनं खास दिलं म्हणे, “सर लई जपून शिकवून राहिले पोरीला.”

भाकर खाल्ली. गळ्याखाली उतरली कशी देव जाणे — अन् देवाला आमच्या घरी जागा नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही.


१८ जानेवारी, रविवार

विंचचा क्लच गेला. उड्डाण बंद. जगन दिवसभर आडवा पडून काळा झाला. मला तर बरंच वाटलं. आज तरी शेरा लिहावा लागला नाही.


२५ जानेवारी, रविवार

क्लच अजून नाही. पोरं येऊन बसली, दिपाही. उडणं नाही हे ठाऊक असून आली! ग्लायडर पुसून काढलं तिनं, काच अशी केली की तोंड दिसावं. मी बघितलं नाही त्यात.


२८ जानेवारी, बुधवार

जनकाला सांगून टाकलं. दुपारी तूर पाखडत होती, समोर बसलो अन् सांगितलं सगळं. मला वाटलं म्हणेल, क्लबासाठीच केलं ना, जाऊ द्या.

सूप खाली ठेवलं तिनं. “तुमाला त्या साहेबानं तीन वर्षं बढती दिली न्हाई, आठवते? काय म्हनला होता? चांगला माणूस हातचा जाईल म्हनून कागद दाबला. तवा तुमी दोन-दोन दिस जेवत नव्हते. मी लेकरू कडेवर घेऊन तुमच्या मागं ताट घेऊन फिरत होते.”

आठवतं. सगळं आठवतं. तो साहेब माझ्याशी फार गोड बोलायचा.

“मंग आता तुमी बी साहेब झाले,” म्हणाली अन् सूप उचललं.


८ फेब्रुवारी, रविवार

विंच गेल्या रविवारीच बरी झाली, शेराही तोच पडला. दिपानं आज तीन फेऱ्या केल्या. पेन उचललं अन् पुन्हा तेच लिहिलं. अकरावं. पण हे शेवटचं! ग्लायडर गेलं तर गेलं. पुढच्या रविवारी तिला सोडणार म्हणजे सोडणार. इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला पळता येणार नाही.


१५ फेब्रुवारी, रविवार

वारा सुटलाय, धूळ. कुणीच उडालं नाही. हे काही माझं पळणं नव्हे, खरंच वारा होता.


२२ फेब्रुवारी, रविवार

सोडली! दिपा एकटी उडाली!

सगळं नीट लिहितो. सकाळी ती जीपनं नाही, बापाच्या मोटारसायकलवर आली. धर्मसिंग, उंच, पांढरा पटका, बोलणं कमी. खुर्ची दिली तर बसला नाही, शेडच्या सावलीत उभा राहून सगळं बघत राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा आला होता. मला वाटलं, वा! बाप समोर उभा असताना लेक एकटी उडावी, याहून चांगला दिवस कुठला? माझ्या पापाची जरा तरी भरपाई होईल.

आधी सोबत एक फेरी घेतली. इतकं वाईट उतरताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. लांबवर गेली, आपटली, दोनदा उसळली. काच उघडून ती लगेच म्हणाली, “बघितलं ना सर? न्हाई जमत अजून मला.”

बाप बघतोय म्हणून घाबरलीय, मला काय कळत नाही! मी हसलो, खाली उतरलो, माझ्या रिकाम्या सीटचे पट्टे बांधले. पट्टे बांधले म्हणजे काय ते तिला ठाऊक. तोंड उतरलं तिचं.

“सर, आज नको.”

“आजच.”

“पुढल्या रविवारी करते ना. खरंच करते. आज बा आलाय.”

“म्हणून तर आज!” म्हणालो अन् काच लावली. काचेतून ती काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही. मी अंगठा दाखवला. जगननं इंजिन फिरवलं.

वर गेली ती सरळ. तार सुटली. एकटीची पहिली फेरी चार-पाच मिनिटांची असते, उजवीकडून वळायचं अन् उतरायचं. दिपा उतरलीच नाही! ओढ्याच्या अंगाला दोन घारी होत्या, त्यांच्यात जाऊन घुसली. दहा मिनिटं. वीस. जगन विंच सोडून धावत आला, “सर, पोरगी उतरत काहून न्हाई?” मला भीती नाही वाटली. मी तर नाचायच्या बेतात होतो. छत्तीस मिनिटं! पहिल्याच सोलोला छत्तीस मिनिटं, एकवीस जणांत कुणी केलं नाही. घारी निघून गेल्या तरी ती फिरतच होती.

उतरली तेव्हा गवतावर आवाजसुद्धा झाला नाही. जगननं बादली ओतली. पाणी निथळत उभी राहिली, हसली नाही. एवढं मोठं झालं की हसू लगेच येत नाही, माझंही तसंच झालं होतं. नारळ फोडला. रत्नपालनं पत्र्यावर बाविसावं नाव लिहिलं.

धर्मसिंग पुढं आला. “झालं ना सर आता? एकटी उडाली म्हनायचं ना हिला? बराबर?”

“बराबर! एकटी! माझा हात नाही, कुणाचा हात नाही!”

त्यानं माझे दोन्ही हात धरले, बराच वेळ. मग लेकीला गाडीवर मागं घेतलं अन् गेला.

आज जेवलो पोटभर. जनका म्हणाली, “आता कसं मानसात आले.”


२९ फेब्रुवारी, रविवार

आली नाही.

सोलोनंतर काय करायचं त्याचा कागद करून ठेवला होता तिच्यासाठी — एक तास, मग सेनगाव. कागद खिशातच राहिला.

गेली. बाविसावी. सगळे एका माळेचे मणी! नाव लागलं पत्र्यावर की झालं. साधं सांगायलाही आली नाही. अकरा आठवडे — जाऊ दे. मी कुठल्या तोंडानं रागावून राहिलो?


७ मार्च, रविवार

धुळवड. उड्डाण नाही. तांड्यावर होळी मोठी असते, आठ-आठ दिवस नाचगाणं चालतं. त्यातच असेल ती. पुढच्या रविवारी येईल.


१४ मार्च, रविवार

आली नाही.

रत्नपाल मात्र एक तास चार मिनिटं वर राहिला! उतरून लहान पोरासारखा उड्या मारत होता. पोस्टकार्डं वाचून आणखी दोघं आले, सहावं नाव अन् पंधरावं. चार नवखे धरून आता सात झाले. सात! ग्लायडर कुठं जात नाही.

म्हणजे दिपाला अडवायची गरजच नव्हती. त्या थंडीतच सोडली असती तरी चाललं असतं. तिचे अकरा रविवार मी उगाच खाल्ले. त्याचाच राग धरून बसली असेल, अन् तिचं बरोबर आहे.

तिचं लॉगबुक इथंच राहिलंय. परवा ते घेऊन तांड्यावर जातो. तिच्या बापासमोर, आईसमोर सांगतो : पोरगी नोव्हेंबरातच तयार होती, मीच स्वार्थापोटी अडवली, माफ करा. घोकून ठेवलंय.


१६ मार्च, मंगळवार

जाऊन आलो.

धर्मसिंगनं दारातच हातावर पेढा ठेवला. अक्षय्य तृतीयेला दिपाचं लग्न. “तुमचे उपकार सर. पोरगी ऐकतच नव्हती. म्हने, एकटी उडेपर्यंत थांबा, एकटी उडाले का दुसऱ्या दिवशी माळ बंद, तुमी म्हनाल तिथं लग्न. मी जबान दिली, तिनं बी दिली. दोन वर्षं मी मधे बोललो न्हाई. पन लोकं विचारून राहिले, म्हनून त्या दिवशी सोता बघायला आलो. अन् तुमी त्याच दिवशी करून दाखवलं!”

दिपा पाणी घेऊन आली. लॉगबुक दिलं. तिनं पानं उलटली, एकेका ‘पुन्हा’वर बोट ठेवत गेली. बाप गाडीकडं गेल्यावर हळू म्हणाली, “तुमाला तर ठाऊक होतं ना सर. तुमीच म्हनले होते, एकटी उडालीस की माळ बंद तुझा. अकरा वेळा सांभाळलं मला. मंग त्या दिवशी काहून सोडलं?”

खरं सांगायला गेलो होतो. सांगितलं नाही.